टिटवीच्या अंड्यांभोवतीचे दगड

मंडळी, आज सकाळी लय वर्षांनी पेडगावला कॅनॉलच्या काठानं चालायला गेले. अंगावर अजून शाल लागते, पण पळस फुललाय.

अचानक एक टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली. खाली बघितलं तर रस्त्याच्या मुरमात तिची अंडी, आणि भोवती कुणीतरी गोल मांडलेले दगड!

सत्तरच्या दशकात, कॅनॉल नवा होता तेव्हा, माझे वडील, आमचे आबा, असेच दगड मांडायचे. बैलगाडीवाल्याला लांबून दिसावं आणि त्यानं चाक बाजूनं न्यावं म्हणून. थंडी सरली की आम्ही बहिणी आबांच्या मागं अंडी शोधत फिरायचो.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. थेट अंड्यांच्या रोखानं. पण त्या पोरानं दगड बघून चाक बाजूला घेतलं.

"माजी माय मांडती हे, मावशी. तुमी कुठल्या?"

"इथलीच की रे."

"कुणाच्या घरच्या?"

मी आबांचं नाव सांगितलं. त्यानं जरा आठवून बघितलं. "न्हाई माहीत, मावशी."

ट्रॅक्टर गेला. टिटवी परत अंड्यांवर येऊन बसली. मी तिथंच उभी.

तुमच्या गावात तुमच्या वडलांचं नाव सांगितलं, तर अजून कुणी ओळखतं का हो?