चिमणीखालचा सौदा

वकिलाच्या ऑफिसात फायली साचतात असं लोकांना वाटतं. खरे साचतात ते किस्से! चौऱ्याहत्तर साली मी दिल्लीहून कायदा शिकून सांगलीला तात्या वकिलांच्या हाताखाली आलो. डोक्यात एकच, मजुरांना न्याय! आणि पहिलंच भांडण हे.

*

महादूनाना मेढ्याचे. गिरण्यांच्या उंच चिमण्या दुरुस्त करणारे ठेकेदार. कामं मिळवून द्यायची सांगलीतली एक एजन्सी. विट्याजवळच्या एका गिरणीनं चिमणीचं काम संपत येताच एजन्सीला पैसे दिले. एजन्सीनं नानांचे अडकवले. नानांची जतची चार माणसं मजुरीसाठी खोळंबली. त्यांना ज्वारीच्या पेरणीला घरी जायचं होतं.

"कोर्टात खेचू!" मी गरजलो.

"खेचा की वकीलसाहेब," नाना म्हणाले. "पर तवर पेरणी थांबंल व्हय?"

*

मी इंग्रजीत चार पानी नोटीस लिहिली. तात्यांनी शेवटपर्यंत वाचली. "फर्स्ट क्लास! आता मराठीत चार ओळी लिही. घाबरायचं तर आधी कळायला नको का?"

*

"मग पैसे मिळेपर्यंत काम बंद ठेवा," मी नानांना म्हणालो.

"आन् चिमणी अर्धवट सोडू? खाली बाजार भरतो. सुटलेली वीट काय एजंटाला वळखून पडनार हाय?"

*

नोटीस पोचताच एजन्सीचे मालक भाऊसाहेब आले. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढं वाकावं लागे. "निम्मे घ्या. बाहेर बोलू नका."

"नानांनाच विचारा ना," तात्या म्हणाले. "ते चिमणीवर आहेत. सोमवारी जाऊ."

सोमवारी चिमणीखाली बाजार असतो, हे तात्यांनी सांगितलं नाही!

*

नाना चिमणीच्या टोकाला. खाली भाऊसाहेब हळूच म्हणाले, "निम्मे देतो."

"ऐकू येत न्हाई!" वरून आवाज.

"निम्मे देतो!" भाऊसाहेब ओरडले.

सगळा बाजार वळून बघू लागला. मेथीवाली मावशी म्हणाली, "निम्मं? चिमणी निम्मीच सांधलीया व्हय?"

"बरं, पाऊण!"

"आवं, वर चढून बगा की एकदा! मग सांगा पाऊण!" मिरचीवाला.

हशा पिकला. भाऊसाहेबांनी घाम पुसला. "सगळे! आत्ता, इथंच!"

खरंच दिले. जतच्या चौघांच्या हातात तिथंच मजुरी पडली आणि ते एसटीकडं पळाले.

"नाना, जिंकलो!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "उतरा आता!"

"दम धरा की! दोन विटा ऱ्हायल्यात!"