अण्णांची फुंक

फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या स्टँडवर बेंबळीच्याच गाडीची वाट बघत होतो. बुधवारी माझी शाळा लवकर सुटते, म्हणून बुधवारी मी मल्लिनाथअण्णांकडं जायचो. पलीकडून त्यांच्या थोरल्या मुलाचा आवाज आला, "काका, अण्णा गेले. सोलापूरला नेताना वाटंतच." मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. गाडी लागली, चढलो, तिकीट काढलं, खिडकीशी बसलो... आपण 'बरं' काय म्हणालो, हे बेंबळी जवळ आल्यावर लक्षात आलं. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणं अण्णांना बसतं करून, हार घालून ठेवलं होतं. लोक पायाला हात लावत होते. मी त्यांच्या बोटांकडं बघत उभा राहिलो आणि मनात एवढंच आलं, की नखं कापायची राहिली आहेत. आज दोन महिने होत आले. रडू अजून आलेलं नाही.

अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं, पण आसपासच्या गावांत त्यांना ओळखत ते क्लॅरिनेटवाले म्हणून. चाळीस वर्षं भजनात, लग्नात, सोनारीच्या यात्रेत त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं. मी शाळेत संगीत शिकवतो आणि लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मांडवात आमची जोडी जमली ती जमलीच. मग त्यांना फुफ्फुसाचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, वाद्य बंद. अण्णांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून, पुसून पेटीत ठेवले आणि पेटी कपाटावर टाकली. त्यानंतर ते दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा कमी बोलू लागले. वैनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं कायतरी करा. घरात माणूस हाय का न्हाय कळंना झालंय."

पुण्यातल्या एका वादकाकडून मी एक जुनं इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्य मिळवलं. दिसायला काळी नळी, बोटं क्लॅरिनेटसारखीच ठेवायची, पण छातीचा जोर लागत नाही. मात्र ते स्वतः वाजत नाही. आपण किती फुंकलं, कुठलं बोट उचललं, याची खबर ते तारेतून सिंथेसायझरला देतं. आवाज निघतो तो तिथून. तेव्हा सिंथेसायझर निवडायला आम्ही दोघं सोलापूरला गेलो.

दुकानदारानं दोन काढले. एक मोठा, पाच सप्तकांच्या पट्ट्यांचा, शेकडो आवाज आणि ताल असलेला. दुसरा वापरलेला, पट्ट्या नसलेला, नुसता एक डबा आणि त्यावर सहा-सात बटणं. अण्णांनी आधी मोठ्याला तार जोडून फुंकलं. हुबेहूब क्लॅरिनेट! दुकानातली माणसं वळून बघायला लागली. पण अण्णा मधेच थांबले. "दिलीप, म्या हळू झालो तरी ह्ये हळू हुईना." मग डब्याला जोडलं. आवाज क्लॅरिनेटचा नव्हता, कशाचाच नव्हता. पण फुंक बारीक झाली की तो बारीक व्हायचा, फुंक थरथरली की थरथरायचा. अण्णांनी डोळे मिटले. आणि मी... मी म्हणालो, "अण्णा, डब्यात काय आहे? मोठा घ्या. उद्या कार्यक्रमात उपयोगी पडेल." तीन-तीनदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "मोठा बांदा."

पहिल्या महिन्यात मी तो मोठा सिंथेसायझर एका लग्नासाठी मागून नेला. मग तालमीसाठी. मग तो माझ्याच घरी राहिला. अण्णांनी तो एकदाही परत मागितला नाही. एका बुधवारी गेलो, तर ते दुकानाच्या मागच्या खोलीत नळी ओठाला लावून बसले होते. बोटं फिरत होती, आवाज काहीच नव्हता.

"तार न जोडता काय वाजवताय?"

"आवाज म्हाईत हाय की मला. बोटं आखडू नयेत म्हणून बसतोय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एकटाच सोलापूरला गेलो. डबा अजून विकला गेला नव्हता. मोठा परत देऊन तो घेतला आणि तसाच बेंबळीला आलो. अण्णांनी तार जोडली, एकच सूर लांबवला आणि असा सोडला, की तो नेमका कधी संपला ते मला कळलं नाही. "साकू," ते म्हणाले. त्यांच्या घरच्या कानडीत, म्हणजे पुरे, आता काही नको.

मी म्हणालो, "अण्णा, मोठा मी माझ्यासाठी घ्यायला लावला होता."

"व्हय. तवाच कळालं हुतं."

"मग घेतला कशाला?"

"तू लई खुश दिसत हुतास, बाबा."

त्यानंतर दोन वर्षं, दर बुधवारी दुकान लवकर बंद करून ते वाजवायचे आणि मी ऐकायचो. चालणं कमी झालं, बोलताना दम लागायला लागला, पण वाजवणं तसंच भरलेलं राहिलं. मी येताना गाडीत स्वतःला सांगायचो, अण्णांची फुंक शाबूत आहे, म्हणजे अजून काळजी नाही.

अण्णा गेल्यावर महिन्यानं वैनींनी बोलावलं. "ती नळी आन् डबा तुमी घिऊन जावा. पण आदी चालू हाय का बगा." मी तार जोडली, नळी तोंडात धरली, साधीशी फुंक मारली. डबा असा किंचाळला, की वैनींनी कानावर हात ठेवले. पुन्हा हळू फुंकलं, पुन्हा तेच. वाटलं, बिघडलं. मग नळी उलटी केली. खाली एक बारीक स्क्रू असतो. किती फुंकीला किती आवाज द्यायचा, ते त्यावर ठरतं. मी तो मध्यावर लावून दिला होता. आता तो पार टोकाला गेला होता, जिथं जराशा फुंकीला पुरा आवाज निघतो.

"हे कुणी फिरवलं, वैनी?"

"त्येच फिरवायचे की. धा-पंदरा दिसाला जरा जरा. तुमी यायच्या आदी."

मी श्वास कमी केला. आणखी कमी केला... नुसती हवा ओठातून बाहेर पडेल एवढाच ठेवला, तेव्हा कुठं थोडा ताबा आल्यासारखं झालं. एवढ्यावर हा माणूस तासभर वाजवत होता आणि मी समोर बसून माना डोलावत होतो.

डबा मी आणला नाही. स्क्रूलाही हात लावला नाही. बुधवारी जातो, त्या मागच्या खोलीत बसतो, वैनी चहा ठेवून जातात. तेवढ्याच श्वासात एक सूर नीट धरायचा, एवढंच करून बघतो. अजून जमत नाही. माझा श्वास जास्त होतो.