ताईच्या खोलीला पत्रे

आमचं दादरचं घर विटांचं होतं. वडिलांनी बांधलेलं, बैठं, वर मंगळुरी कौलं. बाहेरून गिलावा केलेला नव्हता. लाल विटा आणि त्यांच्यामधल्या चुन्याच्या दरजा उघड्या दिसायच्या. लोक विचारायचे, गिलावा राहिला वाटतं? वडील म्हणायचे, चांगली वीट झाकायची कशाला? ते एका कंपनीत हेडक्लार्क होते, आणि जन्मात त्यांनी हौस म्हणून केली ती एवढीच.

ते गेले आणि घर दादाच्या हाती आलं. हाती आलं म्हणजे कुणी दिलं नाही, त्यानं धरलं. माझा मोठा भाऊ. एका विमा कंपनीत कारकून होता, बोलायला तरबेज. वहिनी, आई आणि मी अशी घरात आणखी तिघं. मी फोर्टात टायपिस्ट होते, लग्न व्हायचं होतं. त्यातच माझी थोरली बहीण लालबागहून परत आली. तिचा नवरा शाळामास्तर होता, टायफॉइडनं गेला. सासरच्यांनी वर्षश्राद्ध होईपर्यंत ठेवून घेतली, मग धाकटा दीर एक ट्रंक आणि ताईला आमच्या ओट्यावर सोडून गेला. पाणीसुद्धा न घेता गेला. मला त्याचा राग आला होता. तेव्हा वाटलं, राग यावा अशी माणसं घराबाहेर असतात.

घर तीन खोल्यांचं. आई, ताई आणि मी स्वयंपाकघरात अंथरूण घालायचो. तेव्हा आई म्हणाली, मागे परसात जागा आहे, तिथे एक खोली काढू. दादानंही लगेच मान डोलावली. पनवेलकडच्या विटा आणू म्हणाला, जुन्या विटांशी रंग जुळायला हवा, नाहीतर ठिगळ दिसेल. मी ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून एका वखारीत गेले आणि तीन तऱ्हेच्या विटा रुमालात बांधून आणल्या. ताईनं आणि मी त्या मागच्या भिंतीला लावून पाहिल्या. एक फार गुलाबी, एक काळपट, तिसरी बरीचशी तशीच. ताईनं ती तिसरी वीट खिडकीत ठेवली. परत आल्यापासून तिनं कशात मन घातलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

पंधरवड्यानं दादा म्हणाला, पत्रे लावू. सिमेंटचे, नालीदार. लाकडी चौकट उभी करायची आणि तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकायचे, वरही तेच. कारणं त्याच्याकडे तयार होती. पक्क्या बांधकामाला म्युनिसिपालिटीची मंजुरी लागते. वीट ओल धरते. वेळ फार जातो. मी म्हटलं, एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्यात माणूस भाजून निघेल. तो म्हणाला, "मागच्या बाजूला कोण बघतंय?"

मी उन्हाबद्दल बोलत होते आणि तो दिसण्याबद्दल. ताई म्हणाली, चालेल रे, मला काय, पाठ टेकायला जागा झाली म्हणजे झालं. तिच्या त्या 'चालेल'चाही मला संताप आला. ती खिडकीतली वीट वहिनीनं लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून घेतली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या वाडीत रोज काही ना काही असायचं: सभा, मोर्चा, प्रभातफेरी. वाडीच्या तोंडाशी फळा होता, त्यावर दादाच्या वळणदार अक्षरात रोजची बातमी असायची. दादा सभांतून बोलायचा. मुंबई हे आमचं घर, आम्ही या घराचे मालक आहोत, आम्हाला आमच्याच घरात पोटभाडेकरू करून ठेवलंय, असं तो म्हणायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. मीही द्यायचे. तो बोलायचा ते खरंच होतं. डिलाईल रोडपासून करी रोडपर्यंतची गिरणीतली माणसं उपाशीपोटी रस्त्यावर येत होती, गोळ्या झेलत होती. त्या मागणीवर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. माझं भांडण मागणीशी नव्हतं.

बायकांचा सत्याग्रह ठरला तेव्हा वाडीतून आम्ही सात-आठजणी गेलो. मला पोलिसांनी संध्याकाळी चौकीतून सोडून दिलं. ताई मात्र पुढच्या रांगेत होती, तिला शिक्षा झाली. नवऱ्यामागे कधी मान वर करून न बोललेली माझी बहीण तुरुंगात गेली आणि परत आली ती ताठ चालत आली. वाडीनं सुटून आलेल्या बायकांचं स्वागत केलं. दादानं सगळ्यांसमोर भाषण केलं, माझी बहीण, माझी बहीण असं दहादा म्हणाला. मग ओवाळायची वेळ झाली. शेजारची एक बाई तबक घेऊन पुढे आली, सगळ्यांना कुंकू लावत आली आणि ताईपाशी येऊन घुटमळली. शेवटी तिला वगळून ती पुढच्या बाईकडे वळली. दादा दोन हातांवर उभा होता. त्यानं पाहिलं आणि तो कुणाशी तरी बोलायला लागला. मी तबक ओढून घेतलं आणि ताईला मी ओवाळलं. त्या घाईत निरांजनातलं तूप तिच्या पदरावर सांडलं.

त्याच आठवड्यात वहिनीचे वडील गिरगावातून आले होते. ते आणि दादा ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन दाराशी आले आणि आतच थांबले, कारण दादा खोलीबद्दल बोलत होता. नवा कायदा झालाय, तो म्हणत होता, बापाच्या घरात मुलींनाही वाटा. ही तर विधवा, हिला राहायचा हक्क आहेच. पक्क्या भिंती घालून दिल्या की उद्या ती म्हणेल ही माझी खोली. पत्र्यांचं काय, केव्हाही उतरवता येतात.

वहिनीचे वडील म्हणाले, दूरदृष्टी आहे तुमच्याकडे.

मी चहा नेऊन ठेवला. दादानं वर पाहिलं, आणि मी ऐकलंय हे त्याला कळलं असावं. त्यानं कप उचलून सासऱ्यांपुढे केला. मी आत गेले. आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, मला त्याच्याकडेच मरायचंय गं. एवढंच. तिच्यावर रागवावं की तिची कीव करावी, मला कळेना, म्हणून मी रागावले.

पत्रे हातगाडीवरून आले तो रविवार होता. दादा चळवळीतल्या दोन माणसांबरोबर ओट्यावर बसला होता, पुढच्या सभेचं ठरत होतं. हमाल पत्रे आत नेत होते. मी बाहेर गेले आणि त्या दोघांसमोरच म्हटलं, "दादा, बाहेर मुंबई मागतोस आणि घरात बहिणीला उद्या काढता येतील असे पत्रे लावतोस. हे यांना सांगितलंस का?"

त्यातला एकजण चपला शोधायला लागला. दादाचा चेहरा काळा पडला. तो म्हणाला, आत जा. मी गेले नाही. मग तो घरातलं चव्हाट्यावर आणण्याबद्दल, नोकरी करणाऱ्या मुलींच्या जिभेबद्दल पुष्कळ बोलला. मीही बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण वाडीतल्या खिडक्या उघडल्या होत्या.

ताई आतून आली. पदराला हात पुसत, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "दादा, पत्र्याची का असेना, ती खोली माझी का?"

मी विटांसाठी इतकी भांडत होते, आणि खरा प्रश्न तिनं विचारला. दादा उठला आणि हमालांना सांगायला गेला की पत्रे भिंतीला टेकवून ठेवा, आडवे टाकू नका, फुटतील.

खोली झाली. बोळातून परसाची जी बाजू दिसायची, तेवढ्या बाजूला मात्र त्यानं विटांची भिंत घातली. मंजुरीही आडवी आली नाही आणि ओलही. रंग बरोबर जुळवला होता. बोळातून जाणाऱ्याला वाटावं, घर सरळ मागेपर्यंत विटांचंच आहे. उरलेल्या बाजूंना आणि वर पत्रे. पत्र्यांच्या नाल्यांतून फटी राहिल्या, त्या ताईनं चिंध्या कोंबून बुजवल्या. उन्हाळ्यात दुपारी आत हात टेकवत नव्हता. ती ओलं लुगडं दोरीवर आडवं टाकून त्याच्या मागे बसायची. सभेला आलेले लोक दादाला म्हणायचे, नवं बांधकाम छान केलंत, जुन्यात अगदी मिसळून गेलंय. तो हसायचा. मला त्या हसण्याचा जितका राग आला तितका पत्र्यांचाही आला नाही.

ताई दोन उन्हाळे तिथे राहिली. त्या काळात तिनं शिवणकामाची परीक्षा दिली आणि परळच्या एका शाळेत शिवण शिकवायला लागली. मग डिलाईल रोडला एका चाळीत तिनं खोली घेतली, तुरुंगात ओळख झालेल्या एका नर्सबरोबर. त्या नर्सचं कुटुंब नुकतंच बौद्ध झालं होतं. वहिनीनं त्यावरून नाक मुरडलं. दादा म्हणाला, एवढं मोठं घर असताना चाळीत राहतेस, लोक काय म्हणतील? ताई ट्रंक बांधत राहिली. आई रडली, पण थांब म्हणाली नाही. ट्रंकेची एक कडी मी धरली, एक तिनं.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा दादानं वाडीत पेढे वाटले. ताईच्या चाळीतही गुलाल उधळला, आम्ही दोघी त्यात नाचलो. तो आनंद खरा होता, आणि मी तो दादाला देऊन टाकणार नाही.

पुढे दादाच्या मुलाचं लग्न ठरलं तसे पत्रे उतरले आणि त्या जागी विटांच्या पक्क्या भिंती चढल्या. मंजुरी आठवड्यात मिळाली म्हणे. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घर पाडून इमारत करायचं ठरलं आणि बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. तेव्हा दादा माझ्या बिऱ्हाडी आला. म्हातारा झाला होता, जिना चढून धापा टाकत होता. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, ताईच्या एकटीच्या नावावर एक फ्लॅट लिही, मग सही. तो म्हणाला, तिनं कधी मागितलंय का? मी म्हटलं, मी मागतेय. महिनाभर तो येरझारा घालत होता, नातेवाईक मध्ये घालत होता. मी हलले नाही. शेवटी त्यानं लिहून दिलं.

ताई त्या फ्लॅटमध्ये राहिली. दाराला तिच्या नावाची पाटी लावली, आल्यागेल्याला चहा केला, भाच्यांच्या मुलींना शिवण शिकवलं. दादा वरच्या मजल्यावर असायचा. पाहुणे आले की तो त्यांना खाली घेऊन यायचा आणि ताईच्या समोर सांगायचा, बहिणीला मी फ्लॅट दिला. ताई चहा टाकायला उठायची. मी असले तर म्हणायचे, दिला नाही, तिचा होता. पाहुणे माझ्याकडे असे बघायचे की म्हातारीचं डोकं फिरलंय. दादा हसून म्हणायचा, ही लहानपणापासून अशीच तापट. आता तोही नाही आणि ताईही नाही, पण नातेवाईकांत अजून तेच सांगितलं जातं, दादानं बहिणीला फ्लॅट दिला, आणि मी अजून दरवेळी ते वाक्य मध्येच तोडते.