पहिल्या बाकावरचे काशिनाथदादा

काशिनाथदादांशी बोलताना तोंडावर हात किंवा पदर धरायची सोय नव्हती. "ताई, तोंड दिसू दे," असं ते लगेच टोकायचे, तेही इतक्या वरच्या पट्टीत की अख्खा वर्ग आमच्याकडे बघायचा. कामतघरच्या त्या रुग्णसेवेच्या वर्गात बाकीची सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. वय झालेली आम्ही दोघंच: राहनाळच्या गोदामातलं पॅकिंग सोडून आलेली मी आणि निम्मं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढलेले दादा. पोरांनी आमचं नाव 'आजी-आजोबा बॅच' ठेवलं होतं.

कुणीही भेटलं की दादांचा एकच प्रश्न असायचा, "चालू हाय ना?"

"मी काय लूम आहे का?" असं मी म्हटलं की ते हसायचे. "बंद नको पडू म्हंजे झालं."

त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं दादांनीच केलं. तुटलेले धागे जोडायची सवय असलेली ती बोटं. जखम पुसताना तिला कधी दुखलं नाही म्हणे. ती गेली आणि पाठोपाठ मालकानं लूम भंगारात काढले. "आता दुसरा कारखाना न्हाय," दादा म्हणाले. "तिचं केलं तसं आनखी चार जनांचं करीन. दवाखान्याचीच ड्युटी पायजे मला."

अभ्यासाला ते वेड्यासारखे भिडले. पहिला बाक कधी सोडला नाही. मॅडम शिकवत असल्या की त्यांची नजर मॅडमच्या तोंडावरून हलायची नाही, आणि मॅडम फळ्याकडे वळल्या की दादा माझ्या वहीत डोकावायचे. मॅडम सगळ्या वर्गाला त्यांचं उदाहरण द्यायच्या. मला तर त्यांचा हेवाच वाटायचा.

मग ब्लडप्रेशर मोजायचं प्रात्यक्षिक आलं. दादांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि कपाळाला आठी घातली. "मॅडम, ह्ये खराब हाय." मॅडमनी दुसरा दिला. "ह्ये बी खराब हाय." पोरं हसली. मॅडमनी स्वतःचा दिला. दादा त्याची नळी उलटीसुलटी करून बघू लागले. मॅडम त्यांच्या पाठीमागे गेल्या आणि हाक मारली. मग मोठ्यानं मारली. दादा नळीच बघत होते. तोवर पोरांचं हसणं थांबलं होतं.

लूमच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठ बघूनच बोलतात. त्यामुळे आपले कान कधी गेले हे दादांना कळलंच नव्हतं. कान तपासून डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तरी नुसता कल्लोळ ऐकू येईल, शब्द नाही. आणि वॉर्डात तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. संस्थेनं त्यांचं नाव काढून टाकलं.

त्या दिवशी दादा बाहेरच्या पायरीवर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले, तोंड त्यांच्याकडे करून. नोकरी हुकली म्हणून रडत असतील असं मला वाटलं.

"शेवटी शेवटी ती भिताडाकडं तोंड करून पडायची," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली होता. "मला वाटायचं, निजलीय. ती बोलत आसंल का गं, ताई?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

दादा पुन्हा दुसऱ्या कारखान्यात लूमवर गेले. मला दवाखान्यात नोकरी लागली. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्यानं ते आमच्याच वॉर्डात आले. भोवती सगळे मास्कवाले. दादा एकेकाच्या डोळ्यांकडे भेदरून बघत होते. मी मास्क खाली ओढला. "दादा, चालू आहे ना?"

त्यांनी मला ओळखलं. "आता बंद पडतंय. बोल कायतरी."

मी बोलत राहिले. वर्गातल्या पोरांचं, मॅडमचं, आठवेल ते. मास्क काढला म्हणून सिस्टर माझ्यावर ओरडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेले. मी पाया पडले आणि आडोशाला जाऊन भरपूर रडले.

अजूनही कुणी पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला की माझा पाय पुढे निघत नाही. मी कॉटवर वाकते आणि त्याचे ओठ हलताहेत का ते बघून घेते.