ताईच्या क्रेटचं वजन

किस्से घडतात म्हणून साचतात, असं लोक म्हणतात. माझं उलटं झालंय. ऐकणारं माणूस गेलं म्हणून साचलेत. गंगापूर रोडचं वर्कशॉप बंद करून खोलीवर आलो की मी ताईला दिवसभराचं सांगायचो, ती मला शाळेतलं. जुलैत ती तापाने गेली. आठ दिवसांत. आता खोलीत मी एकटा, आणि तिच्या शाळेचे किस्से माझ्याकडेच पडून आहेत. घ्या, तुम्ही ऐका.

*

ताई चांदवडजवळच्या एका गावात शिकवायची. एका रविवारी म्हणाली, "बाळू, उद्यापासून माझ्या वर्गात विज्ञान वेगळं आणि गणित वेगळं असं नाही. पोरं वस्तू बनवणार, मोजणार, त्यातूनच सगळं शिकणार. वेल्डिंगला तू ये."

"मी आठवी नापास!"

"काटकोन धरता येतो ना? बास!"

पहिल्याच दिवशी सातवीतल्या वैष्णवीने विचारलं, "मामा, तुम्ही इंजिनिअर का?" मॅडमचा भाऊ, म्हणून मी सगळ्यांचा मामा.

म्हटलं, "नाही गं, ग्रिलवाला."

"मग बरंय. मागं इंजिनिअर आले होते, ते नुसते बोलून गेले!"

*

फळ्यावर ताईने तीन रकाने आखले होते. नाव, अंदाज, मोजमाप. नियम दोनच. ज्याचा अंदाज, त्यानेच मोजायचं. आणि चुकलेला अंदाज पुसायचा नाही.

हेडसर एकदा सहज डोकावले. "झेंड्याचा खांब पंचवीस फूट. मीच उभा केलाय!" ताईने लगेच लिहून टाकलं. मग काय, सर काठी घेऊन भर उन्हात! काठीची सावली मापली, खांबाची मापली, पोरांनी गुणोत्तर मांडलं. साडेअठरा फूट!

सर हळूच म्हणाले, "मॅडम, तेवढं पुसा."

"पुसायचं नाही, सर. नियम आहे."

"मग खांबाला वाढायला सांगा!"

*

तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पोरं कांदे, काटा, थर्मामीटर घेऊन बसलेली. कोपऱ्यात मी जाळी जोडतोय.

"कोणत्या विषयाचा तास आहे?"

पोरं एका सुरात, "कांद्याचा!"

साहेबांच्या फॉर्मवर कांद्याला जागा नव्हती. गणित लिहावं तर थर्मामीटर दिसतोय, विज्ञान लिहावं तर मी दिसतोय. बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'मधली सुट्टी'!

*

वैष्णवीची आई एकदा तावातावाने आली. "मॅडम, पोरगी भाकरीभवती दोरा गुंडाळीत बसती. भाकरी गार व्हती, बाप वरडतो!"

ताईने विचारलं, "मग किती आलं?"

"आडवी मापली त्याच्या तिप्पट, आन वर थोडं." मग जरा लाजून म्हणाली, "लहान भाकरीला बी तेवढंच येतं. मी बी करून पाह्यलं ना!"

*

हा शाळेतला नाही, पण सांगतो. परवा एका गेटची उंची मी नुसत्या नजरेने सांगितली. टेप लावली तर तंतोतंत! मी खूश होऊन ताईला फोन लावला. रिंग माझ्याच दुसऱ्या खिशात वाजली. तिचा फोन मी रोज चार्ज करून सोबत नेतो.

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, उचला की!"

*

तिचा शेवटचा प्रयोग कांद्याचाच. एप्रिलमध्ये मी जाळीच्या तळाची छोटी कांदा चाळ बनवून दिली. प्रत्येक गटाने एकेका क्रेटमध्ये वीस किलो कांदा भरून त्यात ठेवला. चार महिन्यांनी चांगला किती उरेल? ताईनेही स्वतःचं एक क्रेट ठेवलं. मला म्हणाली, "एकदा तरी अंदाज लाव रे." मी म्हटलं, "माझं अक्षर पोरांपुढे नको. तूच काय ते बघ."

ती गेल्यावर मी शाळेत पाऊल टाकलं नाही. ऑगस्टमध्ये हेडसरांचा फोन आला. "बाळू, मॅडमचं क्रेट सडलंय. वासाने वर्गात बसवत नाही. पोरं कोणाला हात लावू देत नाहीत. तू येऊन घेऊन जा."

मी तणतणत गेलो. क्रेट उकिरड्यावर ओतायचं, चाळ कापायची आणि परत या गावात यायचं नाही. ग्राइंडर सोबतच घेतला होता.

पोरांनी आपापल्या क्रेटमधला सडका कांदा दर आठवड्याला काढला होता, वजनंही करून झाली होती. ताईच्या क्रेटला तिच्यानंतर कोणी हात लावला नव्हता.

"चढवा ना काट्यावर!" मी ओरडलो. "एवढा काय तमाशा?"

"आम्ही नाय मोजायचं," वैष्णवी म्हणाली आणि फळ्याकडे बोट केलं.

शेवटच्या ओळीत ताईचं अक्षर होतं. 'मॅडम आणि बाळू.' पुढे, '१७ किलो.'

मी ग्राइंडर खाली ठेवला. सडलेला कांदा वेचून बाहेर टाकला आणि क्रेट उचललं. सडका रस कोपरापर्यंत ओघळला. काटा तेरावर थांबला.

पोरांसमोर ताई चुकलेली मला बघवेना. सतरा पुसायला मी हात उचलला, तर हेडसरांनी मनगट धरलं.

"पुसायचं नाही, बाळू. नियम आहे."

मी खडू घेतला. तिच्या अक्षराशेजारी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, '१३.' मग मागून वैष्णवी हळूच म्हणाली,

"मामा, क्रेटचे दोन किलो वजा करा."