त्रिवेणीबाईंची पानगळ

काचीगुड्याच्या मराठी मंडळाच्या बालवाडीत त्रिवेणीबाई बावीस वर्षं शिकवत होत्या, आणि एवढ्या काळात मंडळानं त्यांना खडूच्या पेट्यांपलीकडे काही दिलं नव्हतं. तेव्हा बाईंनी आपलं साहित्य झाडांकडून घेतलं. झाडं मंडळापेक्षा उदार निघाली. बदामाच्या पानांचे मुकुट, पिंपळपानाच्या पिपाण्या, गुलमोहराच्या वाळक्या शेंगांचे खुळखुळे, आणि सीताफळाचे दिवस आले की बियांचे डोळे लावलेले हत्ती. हा सगळा खजिना बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात असे. एखाद्या पोराच्या हत्तीला पाच पाय झाले तर बाई म्हणत, "असू दे रे, एक दमला की दुसरा वापरंल."

शहाण्णव साल आलं तोवर गल्लीत घरोघरी केबल आलं होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी शाळा. गळ्यात टाय अडकवलेली साडेतीन वर्षांची मुलं रिक्षात कोंबून जाऊ लागली. बाईंच्या हजेरीपटावर अकरा नावं उरली. मंडळाचे चिटणीस हिम्मतराव स्वतः येऊन सांगून गेले, "बाई, दिवाळीनंतर बैठक आहे. तोवर पंधरा मुलं दाखवा, नाही तर ही खोली कम्प्युटर क्लासला द्यायचं पक्कं झालंय. मराठीसाठी माझा जीव तुटतो हो, पण काय करणार?" हिम्मतरावांची दोन्ही नातवंडं इंग्रजी शाळेत होती. जीव बहुधा तिथूनच तुटत असावा.

 बाईंना घरी दुसरं कुणी नव्हतं. सकाळी नऊ ते बारा त्या खोलीत होणारा गोंगाट हाच त्यांचा संसार. त्या पालकांना भेटत सुटल्या. त्यातला विक्रम याच खोलीत शिकून मोठा झालेला. बदामाच्या पानांचा मुकुट घालूनच झोपायचा, अशी त्याच्या आईची तक्रार असे. आता तो पेजर विकत होता. कमरेचा पेजर चाचपत तो म्हणाला, "बुरा मानू नका बाई. पण आमची प्रणिता घरी येते तर फ्रॉकच्या खिशात सगळा कचरा. शेजारचा पोरगा वन टू थ्री बोलतो, अन् ही पिपाणी वाजवते. होमवर्क द्या की काही!"

बाईंनी ते मनावर घेतलं. डबा कपाटावर गेला. चाररेघी वह्या आल्या, भिंतीला एबीसीडीचा तक्ता लागला, आणि पोरं माना हलवत ॲपल-बॉल घोकू लागली. त्या वर्गात खुद्द बाईंना डुलकी येई. प्रणिता खिडकीतून पिंपळाकडे बघत बसली की बाई तिची हनुवटी धरून वहीकडे वळवत. असं त्यांनी पूर्वी कुठल्याच पोराला केलं नव्हतं, आणि याची त्यांना पुढे कायम लाज वाटत राहिली.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि विक्रम दारात उभा राहिला.

"बाई, प्रणिताला तिकडं घातलं."

"का रे? आता तर रोज होमवर्क देते मी."

"तेच तर ना! तुमच्याकडं खाली एबीसीडी अन् पाठांतर, बस्स. तिकडं नवीन फॉरेन सिस्टीम आलीय. पोरांच्या हातात पानं, बिया, फुलं देतात. हातानं केलं की दिमाग खुलतो म्हणे. तुम्हाला हे मालूम पाहिजे होतं, बाई."

बाईंचे कान तापले. पण विक्रमनं तोवर खिशातून शाळेची चिठ्ठी काढली होती. "हा बघा, ऑटम प्रोजेक्ट. लाल-पिवळी, गळलेली पानं चिकटवून न्यायची. सोमवारपर्यंत. पार अंबरपेठेपर्यंत हिंडलो, सगळी झाडं हिरवीगार! तुमच्याकडं काही जुगाड होईल?"

ऑक्टोबरात पानं लाल होऊन गळतात, असं त्या शाळेच्या विलायती पुस्तकात छापलेलं होतं. काचीगुड्याच्या झाडांनी ते वाचलं नव्हतं. इथली पानगळ शिवरात्रीच्या आगेमागे, आणि त्यावर नंबर देणारं कुणी नाही.

बाई नाहीच म्हणणार होत्या. पण बापाच्या मागून टाय लावलेली प्रणिता डोकावली आणि म्हणाली, "बाई, डबा कुठंय?"

डबा खाली उतरला. त्यात पिंपळाची पानं होती, पाण्यात कुजवून नुसती जाळी उरलेली. बतुकम्माच्या सणाला पांढरी गुनुगूची फुलं ज्या रंगांत बुडवतात, ते रंग कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे शिल्लक होते. संध्याकाळपर्यंत पानं लाल-पिवळी झाली आणि प्रणिता कोपरापर्यंत. बाई कितीतरी दिवसांनी पोटभर हसल्या.

प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला. मग काय, आठवड्याभरात इंग्रजी शाळेतली निम्मी पोरं संध्याकाळी पाच वाजता बालवाडीच्या व्हरांड्यात हजर. पालकांनी त्याला 'नेचर ट्यूशन' असं भारदस्त नाव दिलं. सकाळच्या हजेरीपटावर मात्र आठच नावं राहिली. आणखी दोघं पानांच्या ओढीनं इंग्रजी शाळेत गेली होती.

दिवाळीनंतरची बैठकही नेमकी पाचलाच, शेजारच्या हॉलमध्ये. बाईंना बोलावून खुर्ची देण्यात आली. हिम्मतरावांनी जड आवाजात हजेरीपट वाचला. हल्लीच्या पोरांना मराठी बालवाडीची गोडीच राहिली नाही, असं ते म्हणत होते. पण व्हरांड्यातल्या गलक्यात त्यांचं बोलणं कुणाला धड ऐकू येईना. ठराव मात्र एकमतानं पास झाला. खोली कम्प्युटरला गेली. बाईंचे नऊ ते बारा गेले.

खुळखुळे आणि पिपाण्या वाजतच होत्या. हिम्मतराव वैतागले. "बाई, कुणाची पोरं आहेत ही? जरा गप्प करा त्यांना!"

त्रिवेणीबाई उठल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"दोन तुमची आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीची विचारून सांगते."

आणि त्या बाहेर जाऊन प्रणिताच्या हत्तीला पाचवा पाय चिकटवायला बसल्या.