बेबीताईंचा दुसरा गिअर

संग्रामपूरच्या बेबीताई वानखडे यांचं वय साठ, वजन त्या सांगत नाहीत, आणि नाव अजूनही बेबीच. वडनेर भोलजीला त्यांचा जन्म झाला तेव्हा ती घरातली पाचवी मुलगी होती आणि नाव शोधायचा उत्साह सगळ्यांचाच संपला होता. दवाखान्यातल्या नर्सनं कागदावर 'बेबी' लिहिलं. तेच शाळेत गेलं, तिथून रेशनकार्डावर, तिथून आधारकार्डावर. आता बँकेतली पोरगी 'बेबी वानखडे' असा पुकारा करते तेव्हा रांगेतली माणसं वळून बघतात. लाल रिबिनीची वेणी येईल असं त्यांना वाटत असतं. येतात बेबीताई, पदर खोचून, काखेत नायलॉनची पिशवी, कोणाशी तरी भांडायच्या पूर्ण तयारीत.

त्यांचे यजमान जानराव एसटीत कंडक्टर होते. लग्नाआधी बेबीताई त्यांच्याच गाडीनं नांदुऱ्याला शिवणक्लासला जायच्या. उंची बेताची. पहिल्याच दिवशी जानरावांनी विचारलं, "हाफ का फुल?" बेबीताईंनी भर गाडीत त्यांच्या खानदानाचा उद्धार केला. वर्षभरात लग्न झालं. माणसं प्रेमात कशी पडतात याचे नियम अजून कुणाला सापडलेले नाहीत.

जानराव रिटायर झाले आणि त्यांची सुट्टी संपली. नोकरीत निदान साप्ताहिक रजा तरी होती. घरी बेबीताईंच्या हाताखाली तीही नव्हती. एकुलता एक मुलगा देवानंद पुण्याला कंपनीत, त्याची बायको महामाया इथल्याच शाळेत शिक्षिका. त्यामुळे घरातली सगळी मोठी कामं रविवारी निघायची. टाकी घासणं, जाळे काढणं, पंखे पुसणं, कोठीतले गहू उन्हात टाकणं. बेबीताई सकाळी उठल्या की घर आपोआप घाबरायचं.

यावर जानरावांनी उपाय म्हणून गाडी घेतली. कारण त्यांनी वेगळं सांगितलं. "जिंदगीभर दुसऱ्याच्या मांगं उभा राह्यलो, आता मी समोर बसीन," असं ते म्हणाले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी जुनी होती, पांढरी, डिझेलवर चालणारी, आणि सुरू झाली की शेजारच्या घरातले डबे वाजायचे. पण तिचा खरा उपयोग जानरावांना लवकरच कळला. रविवारी चहा झाला की ते अंगणात जाऊन बॉनेट उघडून उभे राहायचे.

"पंखे पुसून देता काय?" आतून आवाज यायचा.

"गाडीचं काम करून राह्यलो ना!"

बॉनेटच्या आत जानरावांना काचेवर उडवायचं पाणी कुठे भरतात तेवढंच माहीत होतं. ते भरून झालं की ते गाडीत बसायचे, दारं उघडी टाकायचे आणि भीमगीतं लावायचे. काही रविवारी तर घोरण्याचा आवाज गाण्याच्या वर यायचा.

ही युक्ती टिकलीही असती. पण दसऱ्याच्या तोंडावर बेबीताईंनी गोधड्या काढल्या.

गोधड्या म्हणजे दोन-चार नव्हेत. बेबीताईंनी शिवणक्लासचा सगळा सूड गोधड्यांवर काढलेला होता. जुनी लुगडी, जानरावांच्या खाकी पँटी, देवानंदच्या शाळेचा गणवेश, सगळं टाके घालून बंद करून ठेवलेलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घरातलं सगळं धुवून निघालं पाहिजे हा त्यांचा दंडक, आणि ह्या गोधड्या घरच्या नळावर धुणं म्हणजे हत्तीला लोट्यानं आंघोळ घालणं.

"वान नदीवर नेऊ," बेबीताई म्हणाल्या. "गाडी आहेच."

"गाडीत गोधड्या?" जानरावांचा चेहरा उतरला. "सीटा खराब होतीन."

"मंग सीटा काढून ठेवा."

सीटा राहिल्या, गोधड्याही बसल्या. महामाया मागे गोधड्यांमध्ये कुठेतरी होती, अधूनमधून तिचा हात दिसायचा. कच्च्या रस्त्यानं गाडी वान नदीवर पोचली. पाणी छान वाहतं होतं. सासूसुनेनं पदर खोचले आणि धोपाटणी उचलली. जानरावांनी गाडी बाभळीच्या सावलीला लावली, दारं उघडली, गाणी लावली आणि सीट मागे पाडली.

"मामाजी, पिळू लागता काय?" महामायेनं एकदा विचारून पाहिलं.

"येतो येतो. इंजन जरा थंडं होऊ दे."

इंजिन थंड व्हायला दुपार लागली. सासूसुनेच्या हातांची कातडी सुरकुतली, खडकांवर गोधड्या पसरल्या, उलट्या केल्या, तरी निम्म्या ओल्याच राहिल्या. शेवटी सगळं गाडीत कोंबलं. जानरावांनी ऐटीत चावी फिरवली. गाडी म्हणाली, 'टक'. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक'.

"बॅटरी बसली," जानराव म्हणाले.

"अशी कशी बसली?"

जानराव बाभळीकडे बघू लागले. उत्तर महामायेनं दिलं. "आत्या, सकाळपासून गाणे चालू होते ना."

बेबीताईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर जानरावांनी लग्नाआधी एसटीत पाहिलेली होती. पण या वेळी त्यांनी नुसता पदर खोचला, आणि त्यामुळे जानराव जास्तच घाबरले.

गाडी ढकलून सुरू करायची ठरली. ढकलायला जानराव पाहिजेतच. एकट्यानं ती हलेना, म्हणून महामायाही मागे गेली. मग आत कोण? आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. राहिल्या बेबीताई.

"काही नाई करायचं तुले," जानरावांनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून समजावलं. "गिअर म्या टाकून देल्ला, दुसरा. हे डाव्या पायाखालचं दाबून धर. मी 'सोड' म्हटलं का सोडून दे. बस."

"आन हे चक्र?"

"ते सरळ धर."

गोधड्यांच्या वजनानं गाडी जमिनीत रुतल्यासारखी झाली होती. सासरा आणि सून दोघांनी जोर लावला, गाडी हलली, जरा पळाली. जानराव ओरडले, "सोड!" बेबीताईंनी पाय सोडला. गाडीला एक मोठा गचका बसला, मागून काळा धूर निघाला तो थेट जानरावांच्या तोंडावर, आणि गाडी सुरू झाली.

सुरू झाली आणि चालू लागली.

आता आपल्या पायाकडून आणखी काही चुकीचं दाबलं जाऊ नये म्हणून बेबीताईंनी फार विचार करून एक गोष्ट केली. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. गाडीला तरी कुठे पायांची गरज होती? डिझेलची गाडी, दुसरा गिअर. बैलगाडीपेक्षा जरा जोरात, आपल्याच तंद्रीत ती धुकधुकत रस्त्यानं निघाली.

मागे जानराव पळत होते. चारचौघांत ते बायकोला मुलाच्या नावावरून 'देवाची माय' म्हणायचे. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"बेबी! बेबी, थांब! बेबीऽऽ!"

दोन्ही बाजूच्या वावरांत सोयाबीनची काढणी चालू होती. बायांनी माना वर केल्या. तोंड काळं झालेला एक म्हातारा बेबी-बेबी करत मोटारीमागे धावतोय हे दृश्य त्या भागात नवीन होतं. एकीनं विळा टाकून टाळ्या वाजवल्या. महामाया पळता पळता हसू लागली, हसता हसता तिला पळवेना, आणि ती बांधावर बसली.

बेबीताईंना हे काही दिसलं नाही. पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. मग चक्र जरा डावीकडे केलं तर गाडी डावीकडे गेली. उजवीकडे केलं, उजवीकडे गेली. घरात इतकं ऐकणारं कोणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं. रस्त्यात एक खड्डा आला, त्यांनी तो वळसा घालून चुकवला. जानरावांनी येताना तो चुकवला नव्हता. साठ वर्षांत त्या कितीतरी फिरल्या, पण कुणीतरी नेलं म्हणून, कुणीतरी म्हटलं तिथे उतरल्या म्हणून. आज पुढची काच सगळी त्यांची होती. त्यांना एकाएकी मोठ्यानं हसू आलं.

पण समोर डांबरी रस्ता दिसू लागला आणि त्यावरून येणारी एसटीही दिसली. एसटी थांबत नसते हे त्यांना कंडक्टरच्या घरात कळलेलं होतं. मांडी मोडून खाली काय दाबायचं ते माहीत नाही. डाव्या हाताला रंगराव नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं होतं, आणि खळ्यात सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्शाचा, हा एवढा डोंगर. बेबीताईंनी क्षणभर विचार केला आणि चक्र डावीकडे फिरवलं.

गाडी भस्सकन कुटारात शिरली, बॉनेटपर्यंत गडप झाली, दोन आचके दिले आणि बंद पडली. धूळ खाली बसली तेव्हा काचेवर रंगरावांचा चेहरा होता.

"ताई? तुमी?"

"हाव," बेबीताई म्हणाल्या. "कुटार नरम आहे हो तुमचं."

जानराव पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दार उघडलं, बायकोचे हात पाहिले, डोकं पाहिलं, कुठे लागलं नाही ना ते पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसले. बेबीताईंनी त्यांना दम घेऊ दिला. मग खाली बोट दाखवून विचारलं, "हे मधलं कायचं हाये?"

"ब्रेक."

"मंग मघाशी काऊन नाई सांगतलं?"

"तुले कायले लागते ब्रेक, असं वाटलं मले," जानराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

रंगरावांनी ट्रॅक्टरनं गाडी ओढून घरी आणली. वाटेत त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली, त्यामुळे गाडी घरी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. संध्याकाळी गच्चीवर ओल्या गोधड्या टाकताना बेबीताई सुनेला म्हणाल्या, "मले गाडी शिकायची."

महामायेला आनंद झाला. जानरावांना ठसका लागला. "या वयात?"

"तुमी कोन्त्या वयात शिकले? दात पडल्यावरच ना?"

नवी बॅटरी बसली आणि शाळेच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. जानराव काही केल्या पुढे बसायला तयार नव्हते. ते मागच्या सीटवर उभे राहिल्यासारखे बसत आणि हातातल्या स्टीलच्या कड्यानं खिडकीच्या पट्टीवर वाजवत. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की चल. वाचून आश्चर्य वाटेल, पण बेबीताईंना ही भाषा ताबडतोब समजली. बोलण्याचा संबंध नसल्यामुळे भांडणही कमी व्हायचं. फक्त गिअरचा प्रश्न होता. बेबीताईंचा जीव दुसऱ्या गिअरवर जडला होता. पहिला म्हणजे नुसता गोंगाट, तिसरा म्हणजे आगाऊपणा.

बुलढाण्याला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर दिलेल्या लायसनच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास झाल्या. गाडी मागे घ्यायला सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "मांगं कायले जायचं? आत्ताच तर तिथून आली." साहेबांनी मान खाली घालून हसू लपवलं, पण नापासच केलं. येताना बसमध्ये बेबीताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. नांदुऱ्याला जानरावांनी त्यांना कागदात गरम भजी आणून दिली, तीही खाल्ली नाहीत. मग जानराव म्हणाले, "म्या तर दोन खेपा नापास झालो होतो. देवाले सांगू नको." त्यावर बेबीताईंनी भजी खाल्ली. सगळी खाल्ली.

पुढच्या वेळी त्या पास झाल्या.

लायसन आलं त्या रविवारी त्यांनी घरातलं एकही काम काढलं नाही. घराला वाटलं, आजारी आहेत. त्यांनी नवीन साडी नेसली, महामायेला घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि जानरावांना घेऊन माहेराची वाट धरली. गावातले रस्ते दुसऱ्या गिअरवर गेले. हायवेला ट्रकवाल्यांनी मागून असे काही हॉर्न वाजवले की नाइलाजानं चौथा टाकावा लागला. जानरावांनी डोळे मिटून बुद्धवंदना म्हणायला सुरुवात केली.

वडनेरला भाऊ दयाराम ओट्यावर पेपर वाचत बसला होता. गाडीचा आवाज ऐकून तो उठला, बहीण उजव्या दारानं उतरलेली पाहून परत बसला.

"बेबी, तू चालवत आनली?"

"नाई, बैल जुंपले होते. घरात जातो काय पानी आनाले?"

आतून भावजय धम्मशीला आली. तिच्या हाताला चुनखडीचा पांढरा रंग होता, तिच्या घरी त्या दिवशी भिंतींचं काम निघालं होतं. तिनं नणंदेला कवेत घेतलं, गॅसवर चहा ठेवून आली, आणि मग गाडीभोवती एक फेरी मारली. काचेतून आत डोकावली. आरशाला बोट लावून पाहिलं, त्यावर पांढरा ठसा उमटला.

"भेव नाई वाटत काय वो?"

"वाट्टे ना. बसते काय?"

धम्मशीलेनं एकदा घराकडे पाहिलं. चुन्याची बादली, बाहेर काढलेली भांडी, ओट्यावर पेपर घेऊन बसलेला नवरा. तिनं पातळाला हात पुसले आणि पुढचं दार उघडून बसली.

"कुठी जायचं?"

"मले काय माईत," बेबीताई म्हणाल्या. "डिझल हाये भरेल."

गाडी गेली. ओट्यावर जानराव आणि दयाराम दोघं चहाची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं आतून जळका वास आला, तेव्हा आत नक्की कोणी जायचं यावर त्यांची चर्चा सुरू झाली.